राष्ट्राध्यक्षीय प्राथमिक निवडणुकांतील वाक्कलह

राष्ट्राध्यक्षीय प्राथमिक निवडणुकांतील वाक्कलह : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत राष्ट्राध्यक्षपदासाठी एखाद्या पक्षाची उमेदवारी मिळविताना त्याच पक्षातील इच्छुकांमध्ये जी चढाओढ होते, तिच्यात वापरली जाणारी अवमानकारक भाषा, चारित्र्यावरील आक्षेप, टोपणनावांनी केलेली हेटाळणी आणि निनावी कुजबुज यांना उद्देशून ही संज्ञा येथे योजिली आहे. धोरणावरील टीका, मग ती कितीही कठोर असो, या संज्ञेत मोडत नाही. भारतातील राजकीय पक्षांत उमेदवार कोण असावा, हे सामान्यतः पक्षाच्या निवड समित्या ठरवितात आणि त्यामागील मतभेद बहुधा बंद दाराआडच राहतात. अमेरिकेत मात्र हा निर्णय पक्षाचे सामान्य मतदार जाहीर मतदानाने करतात. निवडणूक वर्षाच्या आरंभापासून जूनपर्यंत निरनिराळ्या राज्यांत क्रमाक्रमाने प्राथमिक निवडणुका किंवा मतदारांच्या स्थानिक सभा होतात, त्यांतून राष्ट्रीय अधिवेशनासाठी प्रतिनिधी निवडले जातात आणि उन्हाळ्यातील अधिवेशन उमेदवाराची अधिकृत घोषणा करते. सहकाऱ्यांतील भांडण त्यामुळे सर्व देशासमोर होते. ते संपल्यावर विजेत्याला पराभूतांच्याच अनुयायांची मते मागावी लागतात. या विसंगतीतच प्रस्तुत विषयाचे ऐतिहासिक महत्त्व आहे.

पूर्वपीठिका : स्वपक्षीयांमधील कटुता ही प्राथमिक निवडणुकांच्या आधीपासूनची आहे. १८२४ मध्ये जॉन क्विन्सी ॲडम्स, अँड्र्यू जॅक्सन, विल्यम क्रॉफर्ड व हेन्री क्ले हे चारही उमेदवार एकाच, म्हणजे जेफर्सनच्या डेमॉक्रॅटिक-रिपब्लिकन पक्षाचे होते. जॅक्सनला सर्वाधिक ९९ निर्वाचक मते मिळाली. परंतु कोणालाच बहुमत नसल्यामुळे निर्णय प्रतिनिधिगृहाकडे गेला. तेथे क्लेच्या पाठिंब्याने ॲडम्स निवडून आला आणि त्याने क्लेला परराष्ट्रमंत्री नेमले. जॅक्सनच्या अनुयायांनी याला भ्रष्ट सौदा म्हटले, तर खुद्द जॅक्सनने क्लेला पश्चिमेचा ज्यूडस ठरविले. या कलहातून जुना पक्ष दुभंगला. तोपर्यंत उमेदवाराची निवड काँग्रेस-सदस्यांच्या पक्षबैठकीत होत असे. ती पद्धत आता लोकांच्या मनातून उतरली आणि १८३१–३२ पासून राष्ट्रीय अधिवेशनांची प्रथा रूढ झाली.

अधिवेशनांच्या काळात उमेदवाराने स्वतः प्रचार करणे अप्रशस्त मानले जाई. शिवीगाळ होत नसे असे नाही. पण ती पक्षीय वृत्तपत्रे व स्थानिक पुढारी करीत आणि उमेदवार तिच्यापासून अलिप्त राहिल्याचे दर्शवी. प्रतिनिधींची मते ज्या पुढाऱ्यांच्या हाती असत, त्यांना नोव्हेंबरमधील विजय आणि त्यानंतरच्या नेमणुका यांची चिंता असे. ज्याच्यामुळे पक्ष फुटेल असा इच्छुक त्यांना नको असे. अर्थात अधिवेशने नेहमीच शांततेत पार पडत असे मानण्याचे कारण नाही. १९२४ मध्ये न्यूयॉर्क येथील डेमॉक्रॅटिक अधिवेशनात कू क्लक्स क्लॅनचा नामोल्लेख करून निषेध करावा की नाही, या प्रश्नावरून मॅकॲडू व स्मिथ यांच्या गटांत इतकी तेढ माजली, की उमेदवार ठरविण्यासाठी मतदानाच्या १०३ फेऱ्या घ्याव्या लागल्या आणि अखेर दोघांनाही बाजूस सारून जॉन डेव्हिस याची निवड करण्यात आली. तात्पर्य, संयम हा त्या काळातील पुढाऱ्यांच्या सौजन्याचा भाग नव्हता. उमेदवारी देणाऱ्यांची संख्या थोडी होती आणि त्यांना एकमेकांशी पुन्हा व्यवहार करावयाचा होता, यातून तो निर्माण झाला होता.

प्राथमिक निवडणुकांचा उदय आणि १९१२ : विसाव्या शतकाच्या आरंभी प्रागतिक चळवळीने पक्षपुढाऱ्यांच्या मक्तेदारीवर हल्ला चढविला. विस्कॉन्सिन राज्याने १९०५ मध्ये अधिवेशनाचे प्रतिनिधी थेट मतदारांनी निवडावेत असा कायदा केला. रॉबर्ट ला फॉलेट हा या सुधारणेचा प्रमुख पुरस्कर्ता होता. ऑरेगनने १९१० मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या इच्छुकांविषयी मतदारांची पसंती अजमावण्याची तरतूद केली. १९१२ पर्यंत सुमारे बारा राज्यांनी हा मार्ग अनुसरला आणि त्याच वर्षी या पद्धतीची पहिली मोठी कसोटी लागली.

विल्यम हौअर्ड टॅफ्ट हा थीओडोर रूझवेल्टचा निकटचा मित्र व त्यानेच १९०८ मध्ये पुढे आणलेला वारस होता. चार वर्षांत दोघांत दुरावा आला आणि रूझवेल्टने पदारूढ राष्ट्राध्यक्षाच्या विरुद्ध स्वपक्षाची उमेदवारी मागितली. आरंभी वाद न्यायालयांचे अधिकार, मक्तेदारी कंपन्या व पक्षपुढाऱ्यांची सत्ता यांसंबंधी होता; पण प्रचार जसजसा पुढे सरकला, तसतशी मुद्द्यांची जागा विशेषणांनी घेतली. रूझवेल्टने टॅफ्टला मठ्ठ डोक्याचा म्हटले, तर टॅफ्टने रूझवेल्टला अहंमन्य आणि लोकांना भडकाविणारा पुढारी ठरविले. पदारूढ राष्ट्राध्यक्षाने स्वपक्षीय प्रतिस्पर्ध्याविरुद्ध गावोगावी फिरून प्रचार करावा, हे पूर्वी घडलेले नव्हते. टॅफ्टला त्याची मनापासून नावड होती. कोंडीत सापडलेला उंदीरही झुंज देतो, अशा आशयाचे त्याचे उद्गार प्रसिद्ध आहेत. २५ एप्रिल १९१२ रोजी मॅसॅचूसेट्समध्ये रूझवेल्टवर कठोर हल्ला चढविल्यावर तो आपल्या आगगाडीच्या डब्यात एकटाच बसला आणि रूझवेल्ट हा आपला सर्वांत जवळचा मित्र होता, असे एका वार्ताहराजवळ सांगताना त्याला रडू कोसळले.

रूझवेल्टने नऊ राज्यांतील प्राथमिक निवडणुका जिंकल्या. त्यांत टॅफ्टचे स्वतःचे ओहायओ राज्यही होते. तथापि बहुसंख्य राज्यांत प्रतिनिधी अद्याप जुन्याच पद्धतीने निवडले जात. शिकागोच्या अधिवेशनापूर्वी २५४ जागांविषयी तक्रारी होत्या. पक्षाच्या राष्ट्रीय समितीने त्यांपैकी २३५ जागा टॅफ्टला व १९ जागा रूझवेल्टला दिल्या. टॅफ्ट ५६१ मतांनी उमेदवार झाला. ३४४ प्रतिनिधींनी मत देण्याचेच नाकारले. रूझवेल्टने वेगळा प्रोग्रेसिव्ह पक्ष काढला. नोव्हेंबरमध्ये दोघांच्या मतांची बेरीज निम्म्याहून अधिक असूनही डेमॉक्रॅटिक पक्षाचा वुड्रो विल्सन सुमारे ४२ टक्के मतांवर निवडून आला. त्याला ४३५, रूझवेल्टला ८८ आणि टॅफ्टला अवघी ८ निर्वाचक मते मिळाली. मित्रांचा समेट व्हायला आणखी सहा वर्षे लागली. १९१८ मध्ये शिकागोच्या ब्लॅकस्टोन हॉटेलमधील भोजनगृहात दोघांनी हस्तांदोलन केले. तोपर्यंत विल्सनची दुसरी कारकीर्द सुरू झालेली होती.

या पराभवाचे खापर केवळ कटू भाषेवर फोडणे योग्य होणार नाही. धोरणातील दरी खरी होती आणि वादग्रस्त जागांच्या वाटपामुळे पराभूत बाजूला निकालच अन्याय्य वाटला. परंतु एकमेकांविषयी जे जाहीरपणे बोलले गेले होते, त्यामुळे तडजोडीचा उमेदवार शोधण्याची वाटही बंद झाली. निवडीची रीत अन्याय्य आणि भाषा अपमानास्पद, अशा दोन गोष्टी एकत्र आल्या की पक्ष फुटतो, हा १९१२ चा धडा होय.

सभ्यतेचे संकेत : पहिल्या महायुद्धानंतर प्राथमिक निवडणुकांचा उत्साह ओसरला. त्यानंतरची सुमारे चाळीस वर्षे त्यांचा उपयोग मुख्यतः उमेदवाराची लोकप्रियता पुढाऱ्यांच्या नजरेस आणून देण्यापुरताच होता. या काळातील दोन प्रसंग लक्षणीय आहेत. १७ मे १९४८ रोजी ऑरेगनमधील पोर्टलंड येथे टॉमस ड्यूई व हॅरल्ड स्टासेन या दोन रिपब्लिकन इच्छुकांचा वादविवाद नभोवाणीवरून प्रक्षेपित झाला. साम्यवादी पक्षावर कायद्याने बंदी घालावी काय, हा एकच विषय ठरविण्यात आला होता. प्रत्येकाला मांडणीसाठी वीस मिनिटे आणि प्रत्युत्तरासाठी साडेआठ मिनिटे देण्यात आली. मतभेद तीव्र असूनही चर्चा मुद्द्यावरच राहिली. यात वक्त्यांच्या स्वभावाचा वाटा असेल. पण एका विषयावर अर्धा तास बोलावयाचे असल्यास केवळ निंदेवर भागत नाही, हेही तितकेच खरे.

दुसरा प्रसंग १९६० मधील वेस्ट व्हर्जिनियाचा. जॉन केनेडी व ह्यूबर्ट हंफ्री यांच्या धोरणांत फारसा फरक नव्हता. केनेडी घराण्याच्या अमाप खर्चापुढे आपली स्थिती साखळी-दुकानांशी स्पर्धा करणाऱ्या एकट्या दुकानदारासारखी झाली आहे, अशी हंफ्रीची तक्रार होती. केनेडीच्या बाजूने प्रचार करणाऱ्या फ्रँक्‌लिन रूझवेल्ट (धाकटा) याने, हंफ्रीने दुसऱ्या महायुद्धात सैनिकी सेवा टाळली असे सूचित केले. हा आरोप अन्यायाचा होता आणि पुढे त्याने त्याबद्दल माफीही मागितली. केनेडीने या आरोपापासून स्वतःला दूर ठेवले. १० मे रोजी पराभव होताच हंफ्रीने माघार घेतली आणि पुढे केनेडीचा प्रचारही केला. वार करणारा एक आणि लाभ घेणारा दुसरा, ही विभागणी येथे स्पष्ट दिसते. उमेदवाराचे हात त्यामुळे वरकरणी स्वच्छ राहतात आणि समेटालाही अडचण येत नाही.

रिपब्लिकन पक्षाने या प्रश्नाला नियमाचे रूप देण्याचा प्रयत्न केला, तो १९६४ च्या अनुभवानंतर. त्या वर्षी बॅरी गोल्डवॉटर व नेल्सन रॉकफेलर यांच्यातील संघर्षात रॉकफेलरचा घटस्फोट व पुनर्विवाह हा प्रचाराचा विषय झाला, तर रॉकफेलरने गोल्डवॉटरच्या हाती अण्वस्त्रे सोपविणे धोक्याचे असल्याचे मतदारांच्या मनावर बिंबविले. कॅलिफोर्नियात गोल्डवॉटर निसटत्या बहुमताने जिंकला. सॅन फ्रॅन्सिस्कोच्या अधिवेशनात रॉकफेलर बोलावयास उभा राहिला, तेव्हा सभागृहाने हुर्यो करून त्याचे भाषण अडविले. नोव्हेंबरमध्ये गोल्डवॉटरला केवळ ५२ निर्वाचक मते मिळाली. लिंडन जॉन्सनला ४८६ मिळाली. या दारुण पराभवानंतर, १९६६ च्या राज्यपालपदाच्या निवडणुकीत, कॅलिफोर्नियातील पक्षाध्यक्ष गेलॉर्ड पार्किन्सन याने कोणीही स्वपक्षीयाविषयी वाईट बोलू नये असा दंडक घालून दिला. बायबलमधील दहा आज्ञांना जोडून त्याला अकरावी आज्ञा म्हणण्यात येऊ लागले. रॉनल्ड रेगनने तो उचलून धरला आणि पुढे तो त्याच्याच नावाने ओळखला जाऊ लागला.

या आज्ञेची कसोटी रेगनच्याच बाबतीत लागली. १९७६ मध्ये त्याने राष्ट्राध्यक्ष जेरल्ड फोर्डला आव्हान दिले. आरंभीच्या राज्यांत तो हरत गेला; मात्र फोर्डच्या परराष्ट्र धोरणावर आणि पनामा कालव्याच्या वाटाघाटींवर थेट हल्ला चढविल्यावर मार्चमध्ये नॉर्थ कॅरोलायनात तो विजयी झाला. उलट फोर्डच्या बाजूने कॅलिफोर्नियात अशी जाहिरात झाली, की राज्यपाल रेगन युद्ध सुरू करू शकला नसता, राष्ट्राध्यक्ष रेगन मात्र करू शकेल. कॅन्सस सिटीच्या अधिवेशनात फोर्डला ११८७ व रेगनला १०७० मते मिळाली आणि नोव्हेंबरमध्ये फोर्ड जिमी कार्टरकडून पराभूत झाला. मागे असलेल्या उमेदवाराला संयम परवडत नाही आणि आघाडीवरील उमेदवाराला तो सोयीचा असतो, ही या संकेताची मर्यादा यातून उघड झाली.

पद्धतीतील बदल : १९६८ मध्ये ह्यूबर्ट हंफ्रीला एकाही प्राथमिक निवडणुकीत न उतरता डेमॉक्रॅटिक उमेदवारी मिळाली. शिकागोच्या रस्त्यांवर त्या वेळी झालेल्या दंगलींनी पक्ष हादरला. १९६९ मध्ये नेमलेल्या मॅक्‌गव्हर्न-फ्रेझर आयोगाने प्रतिनिधींची निवड खुली करण्याच्या शिफारशी केल्या. त्या अंमलात आणण्याचा सोपा उपाय म्हणून राज्यांनी प्राथमिक निवडणुका स्वीकारल्या आणि रिपब्लिकन पक्षातही तेच घडले. पूर्वी पंधरा-सोळा राज्यांपुरती असलेली ही पद्धत दहा-बारा वर्षांत निम्म्याहून अधिक राज्यांत पसरली. उमेदवारी देण्याचा अधिकार पुढाऱ्यांकडून मतदारांकडे गेला, हा लोकशाहीचा मोठा विस्तार होय. त्याबरोबरच भांडण आवरते घेणारा मध्यस्थ मात्र नाहीसा झाला.

कायद्याचा अडसरही याच सुमारास शिथिल झाला होता. न्यूयॉर्क टाइम्स विरुद्ध सलिव्हन या १९६४ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की सार्वजनिक अधिकाऱ्याविषयीचे विधान खोटे आहे हे माहीत असून किंवा सत्यासत्यतेची बेपर्वाई करून ते केले, हे सिद्ध झाल्याशिवाय बदनामीची भरपाई मिळणार नाही. मतस्वातंत्र्याच्या दृष्टीने हा निर्णय मौलिक मानला जातो. तथापि त्यामुळे निवडणुकीतील अपशब्दांना आळा घालण्याचे काम न्यायालयांऐवजी पक्षांवर व मतदारांवर येऊन पडले.

प्रतिपक्षाला मिळणारी साधने : प्राथमिक निवडणुकीत उच्चारलेले शब्द तेथेच संपत नाहीत. १९६४ मध्ये डेमॉक्रॅटिक पक्षाने आपल्या दूरचित्रवाणी जाहिरातींत रिपब्लिकन पुढाऱ्यांनीच गोल्डवॉटरविषयी काढलेले उद्गार वापरले. १९७२ मध्ये कॅलिफोर्नियातील वादविवादांत हंफ्रीने जॉर्ज मॅक्‌गव्हर्नच्या संरक्षणखर्चातील कपातीवर टीका केली होती. रिचर्ड निक्सनच्या प्रचारकांनी खेळण्यातील सैनिक हाताने दूर सारणारी जी जाहिरात केली, तिच्यात हंफ्रीचेच शब्द उद्धृत केले होते. १९८८ मध्ये न्यूयॉर्कमधील वादविवादात ॲल गोरने मॅसॅचूसेट्सच्या तुरुंगांतील कैद्यांना मिळणाऱ्या रजेविषयी मायकेल डुकाकिसला प्रश्न केला. तोच विषय पुढे रिपब्लिकन प्रचाराचे मुख्य हत्यार बनला. गोरचा प्रश्न असभ्य नव्हता. पण स्वपक्षीयाने केलेला आरोप विरोधकाच्या आरोपापेक्षा अधिक विश्वसनीय ठरतो, हे त्यातून दिसते.

याची जाणीव असल्यामुळेच १९७२ मध्ये निक्सनच्या हस्तकांनी प्रतिपक्षातील कलह मुद्दाम वाढविला. फ्लॉरिडातील प्राथमिक निवडणुकीच्या सुमारास एडमंड मस्की याच्या कार्यालयीन कागदावर छापलेले एक बनावट पत्र वाटण्यात आले. त्यात हंफ्री व हेन्री जॅक्सन यांच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे खोटे आरोप होते. हे कृत्य डॉनल्ड सेग्रेटी याच्या टोळीचे होते, हे वॉटरगेट प्रकरणाच्या चौकशीत उघड झाले आणि सेग्रेटीला कारावास भोगावा लागला. ज्यांची नावे त्यात गोवली गेली, त्यांचा मस्कीवर रोष झाला. सहकाऱ्यांतील शिष्टाचार हा पक्षाच्या बळाचाच भाग असतो, हे विरोधकांनी पक्षनेत्यांपेक्षा लवकर ओळखले होते.

निनावी प्रचाराचे दुसरे ठळक उदाहरण २००० मधील साउथ कॅरोलायनाचे आहे. न्यू हॅम्पशरमध्ये जॉन मकेनने जॉर्ज डब्ल्यू. बुशला पराभूत केल्यावर तेथे पत्रके, दूरध्वनी व कुजबूज यांच्या द्वारा मकेनच्या कुटुंबाविषयी किळसवाण्या अफवा पसरविल्या गेल्या. मकेन दांपत्याने बांगला देशातून दत्तक घेतलेल्या मुलीच्या वर्णावरून तिच्या जन्माविषयी खोट्या गोष्टी रचण्यात आल्या. बुशच्या प्रचारयंत्रणेने त्यांच्याशी संबंध नाकारला. मकेननेही एका जाहिरातीत बुशच्या सत्यनिष्ठेची तुलना बिल क्लिंटनशी केली होती आणि ती मतदारांना रुचली नाही. १९ फेब्रुवारीच्या मतदानात बुश विजयी झाला. ज्याचा कर्ता सापडत नाही अशा अपशब्दाची जबाबदारी कोणावरच येत नाही. २००२ च्या निवडणूकखर्च सुधारणा कायद्याने नभोवाणी व दूरचित्रवाणीवरील जाहिरातीस आपली संमती असल्याचे उमेदवाराने स्वतः सांगणे बंधनकारक केले, त्यामागे हीच जबाबदारी निश्चित करण्याचा हेतू होता.

समेटाच्या रीती : कटू लढतीनंतर पक्ष एकत्र येण्याचे काही रूढ मार्ग आहेत. पराभूताने जाहीर पाठिंबा देणे, अधिवेशनात त्याला मानाचे स्थान मिळणे, त्याची काही धोरणे पक्षाच्या जाहीरनाम्यात घेणे आणि क्वचित त्याला उपराष्ट्राध्यक्षपद किंवा मंत्रिपद देणे, हे त्यांतील प्रमुख होत. १९६० मध्ये लिंडन जॉन्सनच्या समर्थकांनी केनेडीच्या प्रकृतीविषयी जाहीर शंका घेतली होती. तरीही काही दिवसांतच जॉन्सन त्याचा सहउमेदवार झाला. १९८० मध्ये जॉर्ज बुशने रेगनच्या अर्थनीतीला जादूटोण्याची उपमा दिली आणि त्याच उन्हाळ्यात तो रेगनचा उपराष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार बनला. २०१९ च्या जूनमध्ये मायामी येथील वादविवादात कमला हॅरिसने जो बायडनला शालेय वंशभेदासंबंधीच्या त्याच्या जुन्या भूमिकेवरून धारेवर धरले. २०२० मध्ये बायडनने तिलाच सहउमेदवार म्हणून निवडले.

२००८ मधील बराक ओबामा व हिलरी क्लिंटन यांची लढत जूनपर्यंत चालली. जानेवारीतील साउथ कॅरोलायनाच्या वादविवादात दोघांनी एकमेकांच्या पूर्वीच्या व्यावसायिक संबंधांवरून टोमणे मारले, तर फेब्रुवारीत क्लिंटनने ओबामाच्या प्रचारपत्रकांवरून त्याला जाहीरपणे लाज काढणारे शब्द सुनावले. परंतु निकाल स्पष्ट होताच क्लिंटनने पाठिंबा दिला. न्यू हॅम्पशरमधील युनिटी, म्हणजे ऐक्य, असे नाव असलेल्या गावी दोघांची संयुक्त सभा झाली. त्या गावाने प्राथमिक निवडणुकीत दोघांना सारखीच, प्रत्येकी १०७ मते दिली होती. अधिवेशनात ओबामाची निवड एकमुखाने करावी, अशी सूचना क्लिंटननेच मांडली. ओबामा ३६५ निर्वाचक मतांनी विजयी झाला आणि क्लिंटन परराष्ट्रमंत्री झाली. याउलट १९८० मध्ये एडवर्ड केनेडीने कार्टरशी दिलेली झुंज अधिवेशनापर्यंत ताणली गेली आणि अखेरच्या रात्री व्यासपीठावर दोघांत दिसलेला थंडपणा सर्व देशाने दूरचित्रवाणीवर पाहिला. कार्टरला ४९ निर्वाचक मते मिळाली. अर्थात त्या पराभवाला महागाई व इराणमधील ओलिसांचे प्रकरण ही कारणेही होतीच.

२०१६ व त्यानंतर : २०१६ च्या रिपब्लिकन उमेदवारीसाठी सतरा प्रमुख इच्छुक रिंगणात होते. ऑगस्ट २०१५ मधील क्लीव्हलंडच्या पहिल्या मोठ्या वादविवादाला सुमारे २ कोटी ४० लक्ष प्रेक्षक लाभले. इतक्या गर्दीत प्रत्येकाच्या वाट्याला थोडी मिनिटे येत आणि लक्ष वेधून घेणाऱ्या वाक्याला मुद्द्यापेक्षा अधिक किंमत येई. डॉनल्ड ट्रंपने प्रतिस्पर्ध्यांना तुच्छतादर्शक टोपणनावे दिली. मार्को रूबिओला त्याने चिमुकला, तर टेड क्रूझला खोटारडा म्हटले. व्हिएटनाममध्ये साडेपाच वर्षे युद्धकैदी असलेल्या मकेनच्या शौर्याविषयीही त्याने अनादराचे उद्गार काढले. मकेन त्या वेळी उमेदवारही नव्हता. अशा उद्गाराने उमेदवारी संपुष्टात येते, असा तोवरचा समज होता. तो खोटा ठरला. रूबिओने फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रंपच्या हातांच्या आकारावरून तशाच भाषेत उत्तर दिले. त्याचा रूबिओला लाभ झाला नाही. आपल्या मुलांना त्याची शरम वाटली, असे त्याने पुढे सांगितले. ३ मे रोजी इंडियानातील मतदानाच्या दिवशी ट्रंपने क्रूझच्या वडिलांचा संबंध केनेडीच्या मारेकऱ्याशी जोडणारी निराधार गोष्ट सांगितली आणि क्रूझने ट्रंपला नीतिशून्य ठरविले. जुलैमधील अधिवेशनात क्रूझने पाठिंबा न देता मतदारांनी सद्‌सद्विवेकबुद्धीनुसार मत द्यावे असे सांगितले, तेव्हा त्याची हुर्यो झाली. सप्टेंबरमध्ये मात्र त्याने पाठिंबा जाहीर केला.

तत्पूर्वी पक्षाच्या राष्ट्रीय समितीने विजेत्याला पाठिंबा देण्याचे वचन इच्छुकांकडून लेखी घेतले होते. ट्रंपने सप्टेंबर २०१५ मध्ये त्यावर सही केली; पण मार्च २०१६ मध्ये आपण त्याने बांधलेले नसल्याचे सांगितले. नोव्हेंबरमध्ये तो ३०४ निर्वाचक मतांनी निवडून आला. २०२४ च्या फेरीत त्याने वादविवादांत भाग घेण्याचेच टाळले, तर इतर इच्छुकांमध्ये कटुता कायम राहिली. नोव्हेंबर २०२३ मध्ये निकी हेलीने विवेक रामस्वामीला व्यासपीठावरच गाळ या अर्थाचा शब्द वापरला. ट्रंपने हेलीलाही अपमानास्पद टोपणनाव दिले होते. तरी जुलै २०२४ च्या अधिवेशनात तिने त्याला पाठिंबा दिला. २०२५ मध्ये रूबिओ ट्रंपच्या मंत्रिमंडळात परराष्ट्रमंत्री झाला. समेटाची जुनी रीत अशा प्रकारे टिकून आहे. फरक पडला तो तिच्या दिशेत : पूर्वी विजेता पराभूताची मनधरणी करी, आता पराभूताला बहुधा अपमान गिळून विजेत्याकडे जावे लागते.

कारणमीमांसा व परिणाम : प्राथमिक निवडणुकांतील वाक्कलहाची कारणे मुख्यतः रचनात्मक आहेत. एकाच पक्षाच्या उमेदवारांची धोरणे जवळपास सारखी असल्याने मतदाराला निवड करण्यासाठी स्वभाव, निष्ठा व चारित्र्य एवढेच निकष उरतात. पक्षनाम सर्वांचे समान असल्यामुळे तेही दिशादर्शक ठरत नाही. प्राथमिक निवडणुकीत मतदान करणारे अल्पसंख्य व अधिक कडवे असतात. आरंभीच्या एक-दोन राज्यांतील निकालावर पुढील देणग्या व प्रसिद्धी अवलंबून असते. मागे पडलेल्या उमेदवाराला हल्ल्याशिवाय गत्यंतर राहत नाही आणि वृत्तसंस्थांना धोरणापेक्षा भांडण अधिक बातमीयोग्य वाटते.

अशा कलहामुळे पक्ष पराभूत होतो काय, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. अँड्र्यू हॅकरने १९६५ मध्ये राज्यपाल व सेनेट सदस्य यांच्या निवडणुका तपासून असे दाखविले, की दुफळी माजविणारी प्राथमिक निवडणूक झाल्याने उमेदवाराच्या यशाची शक्यता फारशी बदलत नाही. पुढील संशोधकांपैकी काहींनी हानी होते असे म्हटले, तर काहींनी कार्यकारणभाव उलटा असल्याकडे लक्ष वेधले : जो पक्ष किंवा राष्ट्राध्यक्ष आधीच दुर्बल झालेला असतो, त्यालाच अंतर्गत आव्हान मिळते. स्टीफन ॲन्सोलाबहीर व शांतो आयंगार यांनी १९९५ मध्ये असे प्रतिपादन केले, की निंदात्मक जाहिरातींमुळे सामान्य मतदार मतदानापासून दूर जातात. या निष्कर्षालाही नंतर आव्हान देण्यात आले.

ऐतिहासिक उदाहरणांवरून एवढे निश्चित म्हणता येते, की एकटा अपशब्द पक्ष फोडीत नाही. १९१२ मध्ये पक्ष फुटला, कारण पराभूतांना निकालच मान्य नव्हता. २००८ मध्ये तो टिकला, कारण लढत संपल्याचे दोन्ही बाजूंनी मान्य केले. पराभूताने निकाल मान्य करणे हा लोकशाहीचा आधार असून त्याचे पहिले शिक्षण पक्षाच्या अंतर्गत निवडणुकीत मिळते. प्रतिस्पर्धी अपात्र आहे असे म्हणणाऱ्याला उद्या त्याच्याबरोबर काम करता येते. तो अप्रामाणिक, गुन्हेगार वा देशद्रोही आहे असे म्हणणाऱ्याने तसे करावयाचे ठरविले, तर एकतर त्याचे आधीचे बोलणे खोटे होते किंवा नंतरचा पाठिंबा खोटा आहे, असे मतदाराला वाटल्याशिवाय राहत नाही. १९६४ नंतर रिपब्लिकन पक्षाने अकरावी आज्ञा काढली, ती निवडणूक हरल्यामुळे. २०१६ नंतर तशी आज्ञा निघाली नाही, कारण निवडणूक जिंकली होती. निवडणुकीतील यशापयश हाच भाषेचा एकमेव मापदंड ठरला, तर संयमाला आधार उरत नाही. या कलहाची खरी किंमत पक्षाला पडलेल्या किंवा गमावलेल्या मतांत न मोजता, राजकीय पुढाऱ्यांच्या शब्दावरील लोकांचा विश्वास किती उरला यावरून मोजावी लागते.